घोटा घडीघडी मुरगळतो, ऑपरेशन करावं का?

भाऊ, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. बहीण वीस वर्षांची, पोलिस भरतीची तयारी करते, सव्वा वर्षापूर्वी वावरातून येताना धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, उतरली आणि उजवा पाय आत वळला, कट्टकन आवाज आला, तासाभरात घोट्याच्या बाहेरून लिंबाएवढी सूज आली. एक्सरेत फ्रॅक्चर नाही म्हटलं, तीन आठवडे कच्चं प्लास्टर होतं, ते काढल्यावर "आता चाला" एवढंच सांगितलं. दीड महिन्यात ती पळायला लागली आणि तेव्हापासून तोच पाय सात-आठदा मुरगळला, आता तर सपाट डांबरी रस्त्यावर पण पाय टाकायचा धाक वाटतो. एका ठिकाणी एमआरआय आणि ऑपरेशन सांगितलं, आई म्हणते लचक काढणाऱ्या बुवाकडे नेऊ, आणि ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, चार-पाच महिन्यांवर आलंय. ऑपरेशन करावं का आणि पोरगी पळू शकेल का, हे तुम्हाला पाहिजे.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सतरा वर्षांपासून फिजिओथेरपी करते, माझ्याकडे असे घोटे दर आठवड्याला येतात, भरतीवाली पोरं, कबड्डीवाली, कापूस वेचणाऱ्या बाया, सगळे. न पाहता शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही, पण तुम्ही लिहिलं त्यावरून माझं मत हे की ऑपरेशनची घाई करू नका. तिला अजून इलाजच झाला नाही. प्लास्टर म्हणजे इलाजाचा पहिला भाग, पुढचा अख्खा भाग राहून गेला. तो तीन महिने नीट करा, नेमानं, आणि मग बघा ऑपरेशनची गरज उरते का. बहुतेकांना उरत नाही. फक्त त्याआधी दोन-चार गोष्टी तपासून बाजूला काढायच्या, त्या पण सांगते.

पहिले हे समजून घ्या की मोडलं काय. तिला खाटेवर बसवा, पाय लोंबता सोडायचा. बाहेरच्या घोट्याच्या हाडाचं खालचं टोक बोटानं शोधा, तिथून बोटभर पुढं पायाच्या वरच्या अंगाला सरका, तिथं एक मऊ खळगा लागतो. त्याच्या वरच्या कडेला हाडाला हाड बांधून ठेवणारा एक पट्टा, म्हणजे लिगामेंट, आहे, जेमतेम दोन सेंटीमीटरचा, डॉक्टर त्याला एटीएफएल म्हणतात. पाय आत वळला की बहुतेक वेळा पहिला हाच ताणतो नाहीतर फाटतो. जोर जास्त असला तर त्याच्या खालचा, टाचेकडं जाणारा सीएफएल पण जातो. तिसरा मागं आहे, तो क्वचित जातो. आतल्या बाजूचं लिगामेंट रुंद आणि दणकट आहे म्हणून पाय बाहेरच्या अंगानं मुरगळतो, आतल्या अंगानं लय कमी.

आता धुऱ्यावरून उतरतानाच का झालं? घोट्याचा सांधा म्हणजे सुतारानं खाच पाडून त्यात लाकूड बसवावं तसा आहे, वरच्या दोन हाडांची खाच आणि खालचं हाड त्यात बसलेलं. हे खालचं हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. पाय सपाट असला की रुंद भाग खाचेत गच्च बसतो. पण उतरताना आपण पंजा खाली करून टाकतो, तेव्हा अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा ढिला पडतो, अशा वेळी खाली ढेकूळ नाहीतर तुरीचं धसकट आलं की पाय आत वळायला काहीच अडवत नाही, सगळा भार त्या दोन सेंटीमीटरवर. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात धुरा निसरडा होतो, म्हणून माझ्याकडे या दोन हंगामात घोटे जास्त येतात.

इथपर्यंत बरेच जण सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही आणि तुमच्या बहिणीचं खरं दुखणं तिथंच आहे. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही. त्यात बारीक नसा असतात, त्या मेंदूला सारखं कळवत असतात की पाय किती वाकलाय, कुठं टेकलाय. रात्री लाइट गेली तरी तुम्ही अंगणातून बरोबर मोरीपर्यंत जाता, खाली न बघता, ते या नसांच्या भरवशावर. पाय जरासा आत वळायला लागला की खबर जाते, पिंढरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू पाय बाहेर ओढून धरतात, आणि हे सगळं तुमच्या ध्यानात यायच्या आधी होऊन जातं. लिगामेंट फाटलं की या नसा पण दुखावतात. खबर उशिरा जाते, स्नायू उशिरा उठतो, तोवर पाय वळून गेलेला असतो. इंग्लंडच्या फ्रीमन नावाच्या डॉक्टरनं १९६५ सालीच हे मांडलं होतं की घोटा घडीघडी दगा देतो तो नुसता सैल झाला म्हणून नाही, त्याचा अंदाज गेला म्हणूनही. आणि त्यावर एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम लागतो हे पण तेव्हाच सांगितलं. नंतर असं पण दिसलं की फरक फक्त पायात राहत नाही, मेंदूची हलवायची पद्धतच बदलते, कुल्ल्याचे स्नायू सुद्धा ढिले पडतात. पहिल्यांदा पाय मुरगळलेल्या लोकांवर वर्षभर नजर ठेवून केलेल्या अभ्यासात शंभरातल्या चाळीस जणांचा घोटा पुढं असाच अस्थिर राहिलेला आढळला. म्हणून मी साध्या मुरगळण्याला साधं म्हणत नाही.

घरी एक बघा. तिला भिंतीजवळ उभी करा, म्हणजे पडली तर हात लागेल. डाव्या पायावर उभी राहू द्या, हात कमरेवर, डोळे मिटून, आणि तुम्ही खाली बसून तिच्या घोट्याकडं बघा. मग उजव्यावर. चांगल्या पायावर पण थोडं हलतं, पण दुखऱ्या पायावर घोट्याच्या पुढच्या स्नायूंच्या दोऱ्या तारा झटकल्यासारख्या उड्या मारतात, पंजा कधी आत कधी बाहेर टेकतो, बोटं जमीन धरायला बघतात, आणि चार-पाच सेकंदात दुसरा पाय खाली येतो. माझ्याकडे पोरं ही टेस्ट करताना चकित होतात, कारण त्यांना दुखत तर काहीच नसतं. दुखत नाही, सूज नाही, एक्सरे साफ, आणि तरी त्या पायाला माहीत नाही तो कुठं आहे.

आता बाजूला काढायच्या गोष्टी. घोटा आतून खोल दुखतो का, अडकल्यासारखा होतो का, पळाल्यावर दर वेळी सूज येते का? तसं असेल तर खालच्या हाडाच्या कुर्च्याला, म्हणजे सांध्यातल्या हाडावरच्या गुळगुळीत थराला, मार लागलेला असू शकतो, तो साध्या एक्सरेत चुकतो, त्यासाठी एमआरआय करणं बरोबर आहे, सेवाग्राम, सावंगी, नागपूर, जिथं सोयीचं तिथं करा. पण नुसतं लिगामेंट फाटलंय का बघायला एमआरआय करत असाल तर एक ध्यानात ठेवा, सात-आठदा मुरगळलेल्या पायात रिपोर्टला जुनी फाट बहुधा दिसणारच, आणि फाट दिसली म्हणून ऑपरेशन असं काही नसतं. फाट असलेले कित्येक पाय वर्षानुवर्षं मस्त पळतात. सैलपणा किती आहे हे हातानं तपासून कळतं, एका हातानं नडगी धरायची आणि दुसऱ्यानं टाच पुढं ओढायची, दोन्ही पायांची तुलना करायची. तिला मागून बघा, टाच आतल्या अंगाला झुकलेली आहे का, पायाची कमान लय उंच आहे का, आणि मनगट वाकवून हाताचा अंगठा मनगटामागच्या हाताला सपाट लागतो का. असे जन्मजात लवचिक सांधे नाहीतर आत झुकलेली टाच असली तर पाय मुरगळायचा संभव मुळातच जास्त आणि व्यायामाला वेळ पण जास्त द्यावा लागतो.

आणि एक गोष्ट आपल्या भागात तरी तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही, पाय वर उचलतो का. हे मी एका बाईंच्या पायावर शिकले. पन्नाशीच्या होत्या, निंदणाला जायच्या, सोयाबीनमध्ये दिवस दिवस उकिडव्या बसून. पाय घडीघडी वाकतो म्हणून आल्या, मला म्हणाल्या, "मॅडम, पाय मले पुसतच नाही, आपल्याच मनानं वाकते." मी घोटा बघितला, थोडी सूज होती, मोच धरून पंधरा दिवस इलाज केला. एक दिवस त्या स्टुलावर बसल्या होत्या, पाय लोंबता होता, आणि बोलता बोलता चप्पल पायातून निसटून खाली पडली, त्यांना कळलं पण नाही. मग मी पायाचा अंगठा वर करायला सांगितला तर अंगठा उचलेचना. गुडघ्याच्या बाहेर खाली जे गोल हाड हाताला लागतं त्याच्या मागून एक नस जाते, तासनतास उकिडवं बसल्यानं ती दाबली जाते आणि पाय उचलणारे स्नायू निकामी होतात, पंजा लोंबतो आणि अडखळून मुरगळतो. त्यांचं बसणं बदललं, पाट दिला, पायाला आधाराची पट्टी दिली, काही महिन्यांनी पाय उचलायला लागला. पण पंधरा दिवस माझे चुकले होते आणि तेव्हापासून मी प्रत्येक घोट्याला आधी अंगठा वर करून बघते. हीच नस कुष्ठरोगात पण जाते, कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन आणि दत्तपूर ज्या भागात उभं राहिलं त्या भागात राहून आपण हे विसरायला नको, सोबत पायावर बधिर चट्टा असेल, चटका लागलेला कळत नसेल, तर लपवू नका, सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात आणि लवकर सुरू केल्या तर नस वाचते.

तुमच्या बहिणीचं पहिलं दुखणं होऊन गेलं, पण घरात अजून कोणाचा पाय मुरगळणारच, म्हणून सुरुवातीच्या दिवसांचं पण लिहिते. एक्सरे कधी काढायचा याचा नियम सोपा आहे, कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली बसवलेला आहे आणि जगभर वापरतात. घोट्याच्या हाडाची मागची कड, खालच्या टोकापासून वर ६ सेंटीमीटरपर्यंत, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही घोट्यांची, तिथं हाडावर दाबलं की दुखतं का. करंगळीच्या रेषेत पायाच्या मधोमध बाहेरून जो उंचवटा आहे तिथं, आणि आतल्या बाजूनं घोट्याच्या पुढं जे हाड वर आलेलं असतं तिथं दुखतं का. आणि मुरगळल्या मुरगळल्या आणि नंतर दवाखान्यात, दोन्ही वेळा चार पावलं पण टाकता आली नाही का, लंगडत टाकली तरी टाकता आली असंच धरा. यातलं एक जरी हो असलं तर एक्सरे काढा. एकही नसलं तर फ्रॅक्चर असायची शक्यता अगदी थोडी, तालुक्याला जायचं एसटीचं भाडं आणि रोजी वाचवा. करंगळीच्या रेषेतलं ते हाड मात्र लय जण विसरतात, घोट्याचा एक्सरे काढतात आणि फ्रॅक्चर पंजात असतं. लहान लेकरांच्या हाडाच्या टोकाला वाढीची जागा असते, ती लिगामेंटपेक्षा नाजूक, म्हणून दहा-बारा वर्षांच्या पोराला घोट्याच्या हाडावरच दुखत असेल तर मोच म्हणून सोडू नका. साखरेच्या जुन्या पेशंटचा पाय गरम, लाल, सुजलेला आणि दुखतं मात्र कमी, असं असेल तर चोळू नका, चालू पण देऊ नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या, ते दुखणं निराळं आहे आणि त्यात हाडांचा चुरा होतो.

पहिले दोन-तीन दिवस पाय वर ठेवायचा, म्हणजे छातीपेक्षा वर, खाटेवर झोपून खाली दोन उशा. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर गुंडाळायचं, बोटं निळी पडली, मुंग्या आल्या तर सोडायचं. बर्फ मिळाला तर कपड्यात बांधून दहा-पंधरा मिनिटं, नुसता कातडीवर नाही, नाही मिळाला तर माठाच्या पाण्याचा ओला फडका चालतो, बर्फानं दुखणं कमी होतं एवढंच, लिगामेंट काही लवकर जुळत नाही. घरात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा पेशंट असेल तर त्याला बर्फ अजिबात लावू नका, थंडीनं त्यांचं दुखणं उसळतं, आणि आपल्याकडं सिकलसेल कमी नाही. सुरुवातीला चोळायचं नाही, शेकायचं नाही, गरम विटकर नको, पाय ओढून लचक काढायची नाही. आतून रक्त झिरपत असतं, चोळलं की अजून झिरपतं. आंबेहळदीचा लेप लावायचा असेल तर लावा, कातडी फुटलेली नसेल तर त्यानं नुकसान नाही. दुखायची गोळी लागली तर जेवून घ्या, बीपी, किडनी, अल्सरवाल्यांनी विचारून घ्या, आणि उपाशीपोटी गोळी खाऊन मे महिन्यात वावरात जाऊ नका, किडनीला त्यानं खरंच मार बसतो. दुखणं सोसवेल तितका भार लवकर द्यायला सुरुवात करायची, काठी घेऊन का होईना. महिनाभर खाटेवर पडून राहणं हे आपल्याकडचं जुनं पथ्य आहे आणि त्यानंच लय पाय बिघडले. खरी फाट किती हे पहिल्या दिवशी सुजेत कळत नाही, चार-पाच दिवसांनी परत तपासलं तर नीट कळतं, तेव्हा पाचव्या दिवशी दाखवायला परत जा.

प्लास्टर लावलं ती चूक झाली असं मी म्हणणार नाही. जोरात फाटलेल्या घोट्याला आठ-दहा दिवस प्लास्टरनं आराम पडतो, चालणं लवकर सुधारतं हे सिद्ध आहे. पण तीन आठवडे ठेवून नंतर व्यायामाचा एक कागदही हातात न देता घरी पाठवलं, त्याचं मला वाईट वाटतं. सूज उतरायला दोन-तीन आठवडे लागतात, फाटलेलं लिगामेंट जुळायला सहा ते बारा आठवडे, आणि त्याला पक्कं व्हायला पार वर्षभर. पोरगी सूज उतरलेली पाहून पळाली, यात तिचा दोष नाही, तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आईला दुखवू नका. बुवाकडे जायचं म्हणतात त्याच्या मागं पोरीची काळजी आहे, आणि आमच्याही घरी लहानपणी लचक भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचे, मी स्वतः लावून घेतलाय. आईला एवढंच सांगा की आता आतमध्ये बसवायचं काही राहिलं नाही, हाड सरकलेलं नाही, सांधा ओढला तर तो अजून सैल होईल. हात लावून कोणी माया केली तर करू द्या, झटका देऊ देऊ नका.

आता व्यायाम. सामान काही विकत घ्यायचं नाही, पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणा, बाकी घरात आहे.

पहिले दोन आठवडे वाकणं बघा. भिंतीकडं तोंड करून अनवाणी उभं राहायचं, टाच जमिनीला घट्ट, गुडघा पुढं नेऊन भिंतीला लावायचा. पाय हळूहळू मागं सरकवत जायचं, टाच न उचलता गुडघा लागतो तिथपर्यंत, आणि पट्टीनं अंगठा ते भिंत अंतर मोजायचं. साधारण १० सेंटीमीटर यायला पाहिजे, पण खरं म्हणजे दोन्ही पाय सारखे यायला पाहिजेत. उजवा दोन सेंटीमीटरनं कमी असला तर तो सांधा आखडलाय. नवल वाटेल पण घडीघडी मुरगळणारा घोटा एका बाजूला सैल आणि दुसऱ्या बाजूला आखडलेला असतो, पुढं वाकत नाही म्हणून गच्च बसत नाही आणि म्हणून वळतो. हाच व्यायाम रोज दोनदा, पंधरा-पंधरा वेळा, शेवटी दोन सेकंद थांबून.

त्याच सोबत ट्यूब. जमिनीवर पाय लांब करून बसायचं, ट्यूबचा एक फास खाटेच्या पायाला आणि दुसरा पंज्याला, खाट आतल्या बाजूला, आणि पंजा बाहेर ओढायचा. गुडघा हलवायचा नाही, नाहीतर मांडीच काम करते. ओढताना एक म्हणायचं आणि सोडताना एक दोन तीन, सोडणं सावकाश, कारण पाय मुरगळताना त्या स्नायूला अडवून धरायचंच काम करावं लागतं. पंधराच्या तीन फेऱ्या. ओट्याच्या पायरीवर पंज्यावर उभं राहून टाचा वर-खाली, आधी दोन्ही पायांनी, मग एका, एका पायानं वीस-पंचवीस निघेपर्यंत. आणि कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर उचलायचा, कुल्ल्यासाठी, हा सोडू नका, घोट्याचं दुखणं आणि कुल्ल्याचा व्यायाम कशाला म्हणून लय जण हाच गाळतात.

खरी मेहनत तोल सांभाळण्यात आहे. सकाळी दात घासताना उजव्या पायावर उभं राहायचं. तीस सेकंद आरामात निघाले की डोळे मिटून. ते जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर. मग तिच्याकडे चेंडू फेका, ती एका पायावर उभी राहून झेलेल, म्हणजे मन चेंडूत आणि पाय आपल्या आपण काम करेल, मैदानात असंच लागतं. अंगणात खडूनं तीन रेषा ओढा, एक समोर, दोन मागं तिरप्या, मधोमध उजवा पाय ठेवून डाव्या पायाच्या अंगठ्यानं प्रत्येक रेषेवर जितकं लांब पोचता येईल तितकं पोचायचं, भार न टाकता, आणि परत यायचं. खुणा करून ठेवा, दर रविवारी मोजा. समोरच्या रेषेवर दोन पायांत ४ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तोवर जोरात पळायचं नाही. रोजचे पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवड्यांत फरक दिसतो. व्यायामानंतर थोडं ठणकलं आणि सकाळपर्यंत बसलं तर ठीक, दुसऱ्या दिवशी सूज असेल तर एक पायरी मागं.

पळणं असं सुरू करा. आधी अर्धा-पाऊण तास भरभर चालून दुखत नाही हे बघायचं. मग एक मिनिट पळणं एक मिनिट चालणं, सरळ रेषेत, पांदण रस्त्यावर नाही, शाळेच्या मैदानावर नाहीतर सपाट रस्त्यावर. मग सलग. मग वळणं, मग इंग्रजी आठच्या आकड्यात, मग एका पायावर उड्या, पुढं आणि आजूबाजूला. उजव्या पायाची लांब उडी डाव्याच्या नव्वद टक्के आली आणि उतरताना गुडघा-घोटा डगमगला नाही, की मग वेळ लावून ८०० मीटर आणि १०० मीटर. गोळाफेकीत पाय जागेवर फिरतो, ती प्रॅक्टिस सगळ्यात शेवटी ठेवा.

घोट्याला बांधायच्या पट्ट्याचं विचारलं नाही तरी सांगते. मेडिकलमध्ये मोज्यासारखा ओढून घालायचा जो मिळतो त्यानं ऊब आणि धीर मिळतो, पाय वळायचा थांबत नाही. लेस बांधायचा ब्रेस घ्या, दोन्ही बाजूंनी पट्टी असलेला, आणि पळताना, खेळताना वर्षभर घाला, आधी मुरगळलेल्या पायाला त्यानं परत मुरगळायचं प्रमाण बरंच कमी होतं. स्नायू कमजोर होतील म्हणून घाबरू नका, व्यायाम चालू असला की काही होत नाही. फक्त भरतीच्या दिवशी चालतो का ते जाहिरातीत आणि मैदानावर विचारून घ्या, आणि त्याच्याशिवाय पळायची सवय पण शेवटचे तीन-चार आठवडे ठेवा.

आणि ऑपरेशन कधी, ते सांगते. तीन महिने, कोणी डोळ्यानं बघून दुरुस्त करत असताना, हे सगळं झालं आणि तरी सपाटीवर पाय दगा देतो, तपासताना सांधा खरंच सैल लागतो, नाहीतर कुर्च्याला मार दिसला, तर ऑर्थोपेडिक सर्जनला दाखवा, अशा वेळी ऑपरेशनला नाही म्हणू नका, ते चांगलं ऑपरेशन आहे. स्वीडनच्या ब्रोस्ट्रॉम नावाच्या सर्जननं १९६६ साली सांगितलेली पद्धत, जुनंच लिगामेंट आखडून परत हाडाला शिवायचं, पुढं १९८० साली गूल्डनं त्यावर अजून एक थर शिवायची भर घातली, आजही बहुतेक ठिकाणी तेच करतात. पण त्यानंतरही काही आठवडे प्लास्टर नाहीतर बूट, आणि मग हीच ट्यूब, हीच गोधडी, हाच खडू, खेळायला चार-सहा महिने. सर्जन दोरी आखडून देतो, पायाचा अंदाज शिवून देता येत नाही.

चार-पाच महिने आहेत. आजपासून धरलं तर दोन-अडीच महिन्यांत ती सलग पळायला लागायला पाहिजे आणि उरलेला वेळ स्पीडला मिळतो, म्हणजे जमण्यासारखं आहे, पण आता या आठवड्यात तिला पळणं थांबवायला लावा, ते सगळ्यात अवघड जाईल, रडेल पण. तिला सांगा की पळणं बंद केलं तरी दम टिकवता येतो, सायकल चालवू दे, दोरीउड्या नको.

एकदा जवळच्या फिजिओथेरपिस्टला नाहीतर ऑर्थोपेडिककडे प्रत्यक्ष दाखवा, अंगठा वर उचलून बघायला सांगा, जुना एक्सरे न्या. आणि सोबत तिची रोजची चप्पल आणि पळायचे बूट पिशवीत घालून न्या, नवे नाही, झिजलेलेच. बाहेरची कड जास्त झिजलेली असली तर बघणाऱ्याला अर्धं तिथंच कळतं.